पॅसेजमधला रूळ

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पूर्वी छापखान्यात मशीनमन आणि आता घरीच, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझी सही वाचता येत नाही अशी बँकेची जुनी तक्रार आहे, तरी ती माझीच समजावी. तब्येत बरी आहे असं मी सगळ्यांना सांगतो. डॉक्टरांनी मात्र छातीचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि कागदपत्रं करून ठेवा म्हणाले. पुढचं मी विचारलं नाही.

कलम १. राहता ब्लॉक आणि बँकेतली ठेव माझ्या पश्चात बायकोची. मुलीने त्यावर हक्क सांगू नये. ती सांगणारही नाही, स्वभावाने आईवर गेली आहे. घराची रचना मात्र इथे लिहिणं भाग आहे. बाहेरच्या दारातून आत आलं की सरळ पॅसेज लागतो. त्याच्या एका बाजूला बाहेरची खोली, दुसऱ्या बाजूला सामानाची खोली, आणि टोकाला स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली. सामानाच्या खोलीतून एक लोखंडी रूळ निघतो, भिंतीला पाडलेल्या भगदाडातून पॅसेज आडवा ओलांडतो आणि समोरच्या भगदाडातून बाहेरच्या खोलीत शिरतो. तो गुडघ्याच्या चार बोटं वर आहे आणि लादीत बोल्ट ठोकून पक्का केलेला आहे. मागच्या खोल्यांतून दाराकडे जायचं तर त्याच्यावरून टांग टाकावी लागते.

कलम २. हा रूळ अवकाशयानांचा सिनेमा घेण्यासाठी आहे, ही माझी निवृत्तीनंतरची हौस. ही यानं वीतभर लांबीची आहेत, बाटल्यांची बुचं, रिफिली आणि मोडक्या घड्याळांच्या चाकांपासून मी केलेली. बाहेरच्या खोलीत काळ्या पडद्यापुढे यान उभं करतो. कॅमेरा रुळावरच्या गाड्यावर बसतो. जुन्या प्रिंटरांच्या मोटरी त्याला केसभर पुढे सरकवतात, तो थांबतो, एक फोटो घेतो, परत सरकतो. अशा चारशे फोटोंची एक फेरी. मग गाडा मागे नेऊन अगदी त्याच वाटेने दुसरी फेरी: तीनदा यानावर वेगवेगळ्या बाजूंनी उजेड टाकून, एकदा फक्त त्याच्या खिडक्यांतले बारीक दिवे लावून, एकदा मागे पांढरा कागद लावून नुसती आकृती, एकदा तारे. शेवटी सगळ्या फेऱ्या एकमेकींवर बसवायच्या, म्हणजे यान उडतानाचा एक शॉट होतो. छापखान्यात चाळीस वर्षं मी हेच केलं. लालवर पिवळा नेमका बसला नाही तर चित्रातल्या बाईला दोन ओठ येतात. रूळ सुतभर हलला तर आधीच्या फेऱ्या मातीमोल.

म्हणून रूळ बसवताना मी बायकोला सांगितलं होतं, एवढा एक शॉट झाला की काढतो. त्याला अडीच वर्षं झाली. सहा फेऱ्यांपैकी चार झाल्या आहेत.

कलम ३. वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांना माझ्या मऊ तळाच्या सपाता द्याव्यात. त्यांच्या चालण्याने माझ्या अकरा फेऱ्या वाया गेल्या, तारखांसह वहीत नोंद आहे. सपाता त्यांनी घालाव्यात, शोभेला ठेवू नयेत.

कलम ४. मेहुण्याला यान क्रमांक तीन. निवृत्तीला त्याने मला पेन दिलं आणि जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला की भावोजी आता खेळण्यांत रमणार. त्या पेनाचं इंजिन झालं आहे, तेव्हा त्याची वस्तू त्याला परत जाईल. हा राग मी सोडलेला नाही, नुसता पॅक करून देत आहे.

कलम ५. कॅमेरा, मोटरी आणि सर्व वह्या मुलीला. ती दूर राहते, दर रविवारी फोन करते. मागच्या वर्षी तिने मला विचारलं, "बाबा, आई हल्ली बाहेरचं काहीच का सांगत नाही?" मी म्हणालो, आईला घरात आवडतं. बाजारहाट, दूध, औषधं, सगळं मी माझ्याकडे घेतलं होतं आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटत होतो. मागच्या गल्लीत बायकोची मोठी बहीण अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्याकडेही ही जाईना, तेव्हा बहिणीबहिणींत काही बिनसलं असेल, आपण कशाला नाक खुपसा, असं मी ठरवून टाकलं.

कलम ६. मोठं यान कोणालाही देऊ नये. त्याच्या तोंडावर सायकलच्या घंटीची चकचकीत टोपी बसवली आहे. गेल्या महिन्यात चौथी फेरी तपासताना त्या टोपीवर एक डाग दिसला. साठाव्या फोटोपासून थेट तीनशे दहाव्यापर्यंत. शॉट नासला म्हणून माझं डोकं फिरलं. फोटो छापून घेतला आणि छापखान्यातलं भिंग लावलं.

टोपीत भिंतीचं भगदाड दिसत होतं आणि भगदाडात बायको. हातात पिशवी, पायात चप्पल, एक हात भिंतीला. माझ्या कॅमेऱ्याचा पडदा प्रत्येक फोटोला चार सेकंद उघडा असतो, त्यामुळे जो चालत जातो तो उमटतच नाही. उभा राहील तोच उमटतो. तिची एक चप्पल स्पष्ट होती, दुसरी पुसट, वर उचलता उचलता हललेली. मी आधीच्या फेऱ्या काढल्या. तिन्हींत ती होती. मला माहीत नव्हतं म्हणून मी पाहिलं नव्हतं.

तरी मी स्वयंपाकघरात जाऊन पहिलं वाक्य काय बोललो, तर, "तू माझ्या शॉटमध्ये आलीस."

"मी कुठे आले? मी तर इकडेच होते," ती म्हणाली.

मग हळूहळू एकेक कळलं. गुडघा दोन वर्षांपासून रुळाएवढा वर जात नाही. फेरी चालू असली की मी सामानाच्या खोलीत दार लावून बसतो, म्हणून तेवढ्या वेळात ती येऊन बघायची, आज जमतंय का. सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. तुमचं दोनच फेऱ्यांवर आलंय, म्हणाली. मला लाज वाटली. ती इथे लिहून ठेवतो, कारण तिला तोंडाने सांगायला अजून जमलेलं नाही.

कलम ७. भिंग छापखान्याचं आहे. निघताना न विचारता खिशात टाकलं होतं. मालकांना परत करावं. मला त्यातून बघायचं ते बघून झालं.

कलम ८. ~~माझ्या पश्चात, इतर काहीही करण्याआधी, पॅसेजमधला रूळ कापून काढावा.~~

वरील कलम मी स्वतः खोडले आहे, शेजारी छोटी सही आहे. कारण असे: आज सकाळी साक्षीदार म्हणून लेथवाल्याला बोलावलं. रुळावरच्या गाड्याची चाकं त्यानेच कातून दिली होती. त्याने सगळा कागद वाचला, आठव्या कलमावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पश्चात कशाला?"

मी म्हणालो, दोन फेऱ्या राहिल्यात. उजेडाच्या झाल्या, तारे आणि आकृती राहिली. एवढ्या झाल्या की अडीच वर्षांचं काम पुरं होतं, आणि माझ्या हातात आता किती दिवस आहेत ते डॉक्टरांना विचार.

"आणि वहिनींनी तोवर काय करायचं?" तो म्हणाला.

मी गाड्यावरचा कॅमेरा उतरवून ठेवला. मग त्याला करवत आणायला सांगितली. पहिला काप मी घातला, माझा दम लागल्यावर उरलेला त्याने. पॅसेजमधला तुकडा सुटला, तो भिंतीला टेकवून ठेवला आहे. तो शॉट आता कधीच पुरा होणार नाही. वारसांनी तसा प्रयत्नही करू नये.

सही करायला उशीर झाला तो पुढील कारणाने. लोखंडाचा कीस झाडून मी बायकोला हाक मारली. ती चप्पल घालून, पिशवी घेऊन आली. रूळ होता त्या जागी थांबली, भिंतीला हात लावला आणि पाय उचलला. जेवढा जातो तेवढा.

मी म्हणालो, "अगं, काही नाहीये तिथे."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

हे लिहीत असेपर्यंत ती तिथेच आहे. मी सही करून तिच्याकडे जात आहे.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला: (सही) लेथवाला, राहणार गल्लीच्या तोंडाशी. सही माझ्यासमोर झाली. करवत माझी.

साक्षीदार दुसरी: (सही) शिवणकाम करणाऱ्या बाई, तळमजला. सही माझ्यासमोर झाली. वहिनींना मीही दोन वर्षांनी पाहिलं.

स्थळ: राहत्या घराचा पॅसेज
दिनांक: ६ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा