तक्रारी शून्य

३ जानेवारी, सकाळ

नवी डायरी, नवा विभाग. विभागात सध्या मी एकटाच आहे, पण मोठ्या कामांची सुरुवात अशीच होते. साहेबांनी काल बोलावून सांगितलं की मोठमोठ्या कंपन्या परदेशी पैसे पाठवायला कुठल्या बँकेची इलेक्ट्रॉनिक सिस्टिम निवडतात, का निवडतात आणि पुढे ती कशी वापरतात, याचा सखोल अभ्यास व्हायला हवा. आणि तो माझ्याशिवाय कोण करणार! अशा कंपन्यांसाठी बँकेचा जो मदतकक्ष आहे, त्याचा इतकी वर्षं मीच प्रमुख होतो. आता ती खुर्ची एका कोवळ्या पोराला दिली आहे. बिचारा. मला मात्र स्वतंत्र खोली. आधी तिथे बिघडलेले प्रिंटर ठेवायचे. दोन अजून आहेत.

संकल्प: जूनमध्ये अहवाल. मग बढती. मग हिला घेऊन आठवडाभर समुद्रावर.

८ जानेवारी

प्रश्नावली तयार. थोडी लांबली आहे, पण सखोल म्हटल्यावर लांबायचीच. हिला वाचून दाखवली. ही गॅलरीतल्या तिच्या टेबलावर कवळीत दात बसवत होती. एका लॅबसाठी ती घरूनच कवळ्या बनवून देते. तिसऱ्या पानावर मला थांबवून म्हणाली की स्वयंपाकघरातला नळ गळतोय, किती वेळा सांगायचं. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका. आणि मी बोलत असताना फोनमध्ये बघत जाऊ नका. मी म्हटलं, नोंद घेतली. मग चौथं पान वाचलं.

२४ जानेवारी

प्रश्नावली सगळ्या कंपन्यांना पाठवून झाली. एका कंपनीचं क्षणात उत्तर आलं, की आपला मेल मिळाला, या पत्त्यावर उत्तर देऊ नये. तत्परता वाखाणण्यासारखी. बाकीचे विचार करत असणार.

११ फेब्रुवारी

पहिली मुलाखत! रंगांची कंपनी. तिथल्या फायनान्स मॅनेजरने जेवायच्या सुट्टीत दहा मिनिटं दिली. हीच सिस्टिम का निवडली, असं विचारलं तर म्हणाला, आधीच्या साहेबांनी निवडली होती, ते आता नाहीत. निवडीचा हा निकष माझ्या प्रश्नावलीत नव्हता. सोडून दिला.

पण एक गोष्ट फार आवडली. तिथे एकाने पेमेंट भरायचं आणि दुसऱ्याने ते तपासून मंजूर करायचं. एकट्याच्या मर्जीने एक पैसाही हलत नाही. घरी येऊन हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली की गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या गावी तुमची बदली होत होती, ती नाकारताना कोणाची मंजुरी घेतली होतीत? विषय कुठून कुठे नेते! घर म्हणजे कंपनी नव्हे, असं मी हसत हसत सांगितलं. हसलो मी एकटाच.

६ मार्च

मेहुणीने तिच्या गावी दातांचा दवाखाना काढला आहे. शेजारच्या खोलीत लॅब सुरू करायची म्हणून ही आठवड्यातले दोन दिवस तिकडे जाणार. मला आज कळलं. ही म्हणाली, आधीही सांगितलं होतं. असेल, मी आलेख काढत होतो. एका परीने बरंच झालं. अभ्यासाला एकांत लागतोच.

२ एप्रिल

घरात कमालीची शांतता आहे. नळ गळायचा थांबला. हिनेच प्लंबरला बोलावून दुरुस्त करून घेतला म्हणे. टॉवेलबद्दल एक अक्षर नाही. जेवताना मी फोन बघतो, ही आपली जेवते. इतक्या वर्षांनी हिला माझ्या कामाचं महत्त्व पटलेलं दिसतं. लग्न मुरायला वेळ लागतो हेच खरं.

ऑफिसातही प्रगती. मुलाखती मिळत नाहीत, तेव्हा मदतकक्षाचं जुनं रेकॉर्ड काढून प्रत्येक कंपनीला रंग दिला. फार तक्रारी करणारी लाल, अधूनमधून करणारी पिवळी, अजिबात न करणारी हिरवी. सिमेंट कंपनी सगळ्यांत हिरवीगार. पूर्वी दर आठवड्याला भांडायचे, आता वर्षभरात एक फोन नाही. आमच्या सिस्टिमवर किती खूश असतील! त्यांची मुलाखत मुद्दाम शेवटी ठेवणार.

२० एप्रिल

मुलीचा हॉस्टेलवरून फोन. आईशी बोलतोस का, असं विचारत होती. म्हटलं, रोज बोलतो. कशाबद्दल बोलता, म्हणाली. हे काय विचारणं झालं? तिला रंगांची कल्पना नीट समजावून सांगितली. तिने ती ऐकून घेतली. मग म्हणाली, बाबा, आईकडे जरा बघ रे. आत डोकावून पाहिलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. एकदम ठणठणीत.

९ मे

हिचं टेबल आज पूर्ण रिकामं दिसलं. मेण कोरायच्या सुऱ्या, प्लास्टरचे साचे, पॉलिशचं मशीन, सगळं थोडं थोडं करून मेहुणीकडे गेलं आहे. आता ही सोमवारी जाते ती शनिवारी येते. टेबलावर माझा मोठा तक्ता न दुमडता मावतो. बऱ्याच दिवसांची अडचण दूर झाली.

२७ मे, दुपारी

सिमेंट कंपनीतून आत्ताच आलो. लगेच लिहून ठेवतो.

त्यांचे परदेशी व्यवहार बघणाऱ्या बाई साधारण माझ्याच वयाच्या. मी हिरव्या रंगाचा तक्ता पुढे ठेवला आणि इतक्या समाधानाचं कारण विचारलं. त्या आधी हसल्या. मग त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी माझ्यासाठी दुसरा चहा मागवला. म्हणाल्या, अहो, आम्ही तुमच्याकडून केव्हाच गेलो. आधी थोडी पेमेंट्स दुसऱ्या बँकेतून पाठवून पाहिली. काही महिने दोन्हीकडून काम चाललं. मग हळूहळू सगळंच तिकडे नेलं.

मी म्हटलं, पण आम्हाला कळवायचं तरी! त्या म्हणाल्या, दोन वर्षं कळवत होतो. दर सोमवारी आमची फाइल अडकायची. फोन केला की तुमच्याकडचा एक गृहस्थ म्हणायचा, नोंद घेतली. जोवर राहायचं होतं तोवर भांडलो हो. जायचं ठरल्यावर कशाला भांडायचं?

तो गृहस्थ कोण हे शोधून काढलं पाहिजे, असं मी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. मग लिफ्टमध्ये शिरलो, आणि बटण दाबायचंच राहिलं. दार बंद करून लिफ्ट तशीच उभी राहिली, आणि मीही.

२७ मे, संध्याकाळी

आठवून पाहिलं. हिने शेवटची तक्रार कधी केली ते आठवत नाही. डायरी मागे मागे चाळतो आहे.

३० मे, शनिवार

ही सकाळी आली. मी आंघोळ करून ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकला, अगदी तिच्या उशीवर. आणि दाराआड उभा राहिलो. मनात म्हणत होतो, बोल. काहीतरी बोल. लाज नाही वाटत का म्हण, माणूस आहात की कोण म्हण. हिने टॉवेल उचलला, पिळला, दोरीवर टाकला. उशीचा अभ्रा बदलला. मग मला विचारलं, चहा घेणार का?

जेवताना फोन हातात घेतला. काही नाही. शेवटी मीच विचारलं की तुझी माझ्याबद्दल काही तक्रार आहे का? ही म्हणाली, नाही हो. इतक्या मायेने म्हणाली की मला ताटावरच रडू फुटलं. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.

३१ मे

हिने सांगितलं. आता तिकडेच राहणार. भांडण नाही, राग नाही. मेहुणीच्या घराजवळ खोली बघून ठेवली आहे. मुलीला माहीत आहे. घटस्फोट वगैरे काही नको म्हणाली, कोण कोर्टाच्या पायऱ्या चढत बसणार. मी म्हटलं, मी बदलतो. लेखी देतो. पुन्हा बदली मागतो, आपण दोघंही तिकडे राहू. ही म्हणाली की हे त्या वेळी म्हणाला असतात तर मी नाचले असते.

१२ जून

अहवाल दिला. साहेबांनी सगळा एका पानात आणायला सांगितला. आणला. मग कळलं की बँकेने नवी सिस्टिम मार्चमध्येच विकत घेतली. साहेब म्हणाले, तरी अभ्यास उत्तम आहे, असू द्या. खोलीत आता चार प्रिंटर.

निष्कर्षात मी लिहिलं होतं की गप्प झालेल्या ग्राहकाकडे आधी जावं. साहेबांनी त्याखाली रेघ मारून विचारलं आहे, याला आधार काय?

२१ जून, रविवार

हिचा फोन आला. हिवाळी कपड्यांची पेटी माळ्यावर राहिली आहे, सवडीने पाठवता का. मी लगेच स्टूल घेऊन चढलो, पेटी काढली, पुसली. दोन स्वेटरना ऊन दाखवलं. दुपारच्या बसने ड्रायव्हरच्या हाती पाठवूनही दिली. पोचल्यावर फोन कर म्हणून चिठ्ठी आत ठेवली.

संध्याकाळी फोन आला. सगळं नीट मिळालं म्हणाली. मग म्हणाली, थँक यू हं, तुम्हाला उगाच त्रास दिला.

इतक्या वर्षांच्या संसारात हिने मला कधी थँक यू म्हटलं नव्हतं.