बाईसाहेबांचे दुर्गुण

१० तारीख, बुधवार

सगळ्यात आधी टपकला तो कोपऱ्यावरचा शिंपी! आत पाऊल टाकायच्या आधीच त्याची नजर पडद्यांवर. जाणारच — त्यानेच शिवलेत, वीतभर आखूड. म्हणे, "धुतल्यावर आटले असतील, आजी." अजून धुतलेत कुठे! असो. त्या आखूडपणाचा आता उपयोग झाला. बाईसाहेब उड्या मारमारून दमतात, तोंड काही पोचत नाही.

बाईसाहेब म्हणजे पिल्लू. काळी कुत्री, दोन महिन्यांची, एक कान उभा, एक पडलेला. नातीने वसतिगृहावर परत जाताना माझ्या मांडीवर ठेवली आणि पळाली! सूनबाई दवाखान्यातून ड्यूटी करून दमून आली, फरशीवरचं तळं बघितलं, आणि फ्रीजवरच्या कॅलेंडरात एकवीस तारखेभोवती गोल काढला. "आई, तोवर हिच्यासाठी चांगलं घर शोधायचं. आणि नाव ठेवायचं नाही. जीव गुंततो."

नाव नाही ठेवलं. बाईसाहेब हे काय नाव झालं?

शिंप्याला दुकान राखायला कुत्रं हवं होतं. मी म्हटलं, "ने की! फक्त कापड खाते." चहा न पिता गेला.

खोटं कुठे बोलले? परवाच माझा रुमाल खाल्ला!

११ तारीख, गुरुवार

एक चप्पल, लोकरीचा गुंडा, अर्धा साबण. तोंडाला फेस बघून माझा जीव खालीवर — आणि ही शेपूट हलवतेय!

१३ तारीख, शनिवार

ही वही नातीची, अर्धी कोरी राहिलेली. माझी शाळा चौथीत सुटली, एक ओळ लिहायला मला चहा निवेपर्यंत वेळ लागतो. पण दुर्गुण लिहून ठेवलेले बरे. आयत्या वेळी एक आठवत नाही.

आज बेकरीवाली आली. केवढी जाड झालीय! तिचा नवरा मात्र काडी. खातो कोण आणि अंगी लागतं कुणाला! तर ती म्हणाली, "गोड आहे हो!" मी म्हटलं, "पिठात लोळायला फार आवडतं तिला." बाई पिल्लाकडे बघत राहिली, मग स्वतःच्या पांढऱ्या एप्रनकडे. गेली.

सूनबाईने विचारलं, "का नाही नेलं?"

"तिला पांढरं हवं होतं," मी म्हटलं.

१५ तारीख, सोमवार

आज संपलं असं वाटलं. सूनबाईचा ड्यूटीचा पांढरा बूट! जीभ तेवढी उरली — बुटाची. मी पदरचे चार शब्द तयार ठेवले होते. पण ती ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "आई, एकवीस तारीख लक्षात आहे ना?"

"आहे."

एक विचित्र. फ्रीजमध्ये काल सहा अंडी होती, आज पाच. मी खाल्लं नाही. सूनबाई तोंडाला लावत नाही, तिला पित्त होतं. बाईसाहेबांना फ्रीज उघडता येत नाही. अजून तरी.

१६ तारीख, मंगळवार

आज काहीच केलं नाही तिने. दिवसभर झोपून. मला करमेना.

१८ तारीख, गुरुवार

चष्मेवाले मास्तर आणि त्यांची बायको आली. मी तयारच होते — चष्मे चावते म्हणून सांगणार होते. पण बाईसाहेब उठल्या आणि मास्तरांच्या पायावर हनुवटी टेकून झोपून गेल्या. फितूर कुठली!

मास्तरीणबाई म्हणाल्या, "आमची म्हातारी कुत्री जाऊन वर्ष झालं. तिची चटई अजून उचलवली नाही."

घराला अंगण. दोघंही दिवसभर घरी. आमच्याकडे काय, अडीच खोल्या आणि गुडघे धरलेली मी. वही मांडीखाली सरकवली. म्हटलं, "गुणी आहे हो. फार त्रास नाही देणार." पाणी आणायच्या निमित्ताने उठणार होते.

तेवढ्यात सूनबाई हात पुसत बाहेर आली. माझी सूनबाई म्हणजे स्वयंपाक बिघडला तर पाहुण्यांसमोर सांगणारी. बावीस वर्षांत तिच्या तोंडून खोटं ऐकलं नाही.

"आई बोलायच्या नाहीत," ती म्हणाली, "पण ही चावते. सोफा फाडला हिने. टाकून द्यावा लागला."

आमच्याकडे सोफा कधी नव्हताच!

"शिवाय सतत रडते. शेजाऱ्यांची तक्रार आलीय."

मी पिल्लाकडे बघितलं. पिल्लू घोरत होतं.

मास्तर हसले. "आमचीही लहानपणी अशीच होती हो. रविवारी चार वाजता येतो टोपली घेऊन."

सूनबाई त्यांना दारापर्यंत सोडायलाही गेली नाही. बूट पुसत बसली. तोच, खाल्लेला.

१९ तारीख, शुक्रवार

सकाळी दूध काढायला फ्रीजपाशी गेले. एकवीसच्या गोलात सूनबाईचं मुंगीएवढं अक्षर. चष्मा आणून वाचलं — "ड्यूटी बदलली. तीन वाजता तिघी बाहेर."

पोरगी वसतिगृहावर, मुलगा जहाजावर. घरात आम्ही दोघीच!

मास्तर मंडळी यायचीत रविवारी, एकवीसला, चार वाजता.