कूलरचं तोंड

२८ मार्च २०१६, सोमवार. दुपारी १२.
सकाळची शाळा सुटली. आजपासून रोजनिशी. नव्या जिल्ह्याच्या कामाची नोंद राहायला हवी. उदगीर जिल्हा होणार की नाही यावर स्टाफरूममध्ये नुसती तोंडाची वाफ. मी मात्र कम्प्युटरवर जिल्हा करूनही बसलो. गेम आहे, मान्य. पण रस्ते, बाजार, बसस्टँड सगळं रीतसर. मुख्यालय जळकोट, कारण माझं गाव. शेजारी मोठा तलाव, तुडुंब.
अडचण एकच. तलाव पडद्यावर आला की हिरव्या रेघा उठतात, पाणी लुकलुकतं आणि पडदा काळा होतो. भूगोलाच्या शिक्षकाला हे शोभत नाही. दोन दिवसांत दुरुस्त करणार.

३० मार्च.
ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला. रेघा आता जांभळ्या. म्हणजे फरक पडतोय.

१ एप्रिल.
सावल्या बंद केल्या. झाडं बंद केली. रेझोल्युशन उतरवलं. जिल्हा आता हुबेहूब आपल्या लातूरसारखा दिसतो. रेघा आहेतच.
संध्याकाळी सिंधु (बायको, दवाखान्यात नर्स) म्हणाली, टँकर येऊन गेला, तुम्ही कुठं होता? नियोजनात होतो, असं सांगितलं. आमचा जिन्याखालचा ड्रम तिनं आणि पंढरीनं भरला. पंढरी वरच्या खोलीतला भाडेकरू. मुखेडचा, एसटीत कंडक्टर. आता टँकर आठ-दहा दिवसांनी.

२ एप्रिल. दुपारी २.
रोग सापडला! इंटरनेटवर एकानं लिहिलंय, ग्राफिक्स कार्ड तापलं की असं होतं. माझं कार्ड चौऱ्याण्णव डिग्री. बाहेर बेचाळीस. बिचाऱ्यानं करावं काय?
सीपीयूचं झाकण काढलं. आईच्या खोलीतला कूलर चाकांवर ढकलत हॉलमध्ये आणला. यंदा कूलरला पाणी नाही, हा सिंधुचा नियम. आईला वाईट वाटू नये म्हणून तो बिघडलाय असं सांगितलंय. पण हा प्रयोग. प्रयोगापुरती एक घागर.
रेघा गेल्या! तलाव निळाशार. किती वेळ नुसता बघत बसलो.

४ एप्रिल.
प्रयोग एकदा करून भागत नाही, असं मीच नववीला शिकवतो. म्हणून रोज दोन घागरी. साडेचारला पंप बंद, कूलर परत आईच्या खोलीत. पाच वाजता सिंधु येईपर्यंत जाळ्या कडकडीत वाळलेल्या असतात. ऊन चांगलंय.
आई दुपारभर आतल्या खोलीत पुठ्ठ्यानं वारा घेत पडून असते. मधलं दार लावून घेतो. आवाजानं तिची झोप मोडायला नको.

६ एप्रिल.
सिंधुनं ड्रममध्ये काठी घालून बघितली. म्हणाली, पाणी एवढं कसं उतरून राहिलं? मी वहीत आकृती काढून बाष्पीभवन समजावलं. ती म्हणाली, झाकणाच्या ड्रमातून? आकृतीत झाकण राहिलं होतं.
मग म्हणाली, कुलूप लावू. मी म्हटलं, शेजाऱ्याला काय वाटेल? ती म्हणाली, कोणत्या शेजाऱ्याला?
मी फक्त जिन्याकडं बघितलं. फक्त जिन्याकडं बघितलं.

७ एप्रिल.
सिंधु म्हणाली, पंढरीचा खाकी शर्ट रोज धुतलेला असतो. लातुरात, एप्रिलात, धुतलेला शर्ट! हे मी म्हणालो नाही, ती म्हणाली. मला अडवता आलं असतं. पण डोक्यात गेममधल्या नव्या धरणाचे दरवाजे होते.
संकल्प: उद्यापासून एकच घागर.

८ एप्रिल.
एका घागरीत रेघा येतात. दोनच ठेवल्या.

९ एप्रिल, शनिवार.
घरमालक शेषेराव औशाहून आले. सिंधुनं पाणीचोरीचं सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. अक्षर माझं चांगलं, म्हणून मी लिहिलं. कोणाचं नाव घातलं नाही. ‘वरच्या मजल्यावरील भाडेकरू’ एवढंच. वर एकच खोली आहे, हा काही माझा दोष नाही.
पंढरीला बोलावलं. शेषेरावांनी सुनावलं, महिनाअखेर खोली खाली कर. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. म्हणाला, बरं हाय मालक. आणि वर गेला.
जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असावं. उद्या सगळं खरं सांगणार.

१० एप्रिल.
सांगणार होतो. सिंधु दमलेली होती.

११ एप्रिल.
सांगणार होतो. मी दमलेलो होतो.

१२ एप्रिल. दुपारी ३.
रेल्वेनं पाणी आलं. सिंधु दवाखान्यात, गल्ली स्टेशनवर. रान मोकळं. जिल्हा आज पूर्ण करायचाच म्हणून तीन घागरी ओतल्या, कूलर सीपीयूला अगदी चिकटवून ठेवला. धरणाचे दरवाजे उघडले.
चट् आवाज. जळका वास. सगळं बंद.

१३ एप्रिल.
सीपीयू दुकानात न्यायला निघालो. जिन्यात नेमका पंढरी. सर, तुम्हाला झेपायचं न्हाई, म्हणाला, आणि खांद्यावर घेऊन चालायला लागला. नको नको म्हणत मी मागून.
दुकानदार गुरुपादप्पानं आत बोट फिरवून ते सगळ्यांना दाखवलं. ओलं. म्हणाला, अवं सर, सारं लातूर पाण्यासाठी बोंबलून राहिलं अन् तुमच्या कम्प्युटरात पाणी? कूलरपुढं ठिवला व्हता काय?
दुकानातले सगळे हसले. पंढरी हसला नाही.
 येताना म्हणाला, दुपारी पंप वाजायचा, मला वर ऐकू यायचा. वाटलं, बाईंच्या चोरून सर आजीला गार वारा देऊन राहिले. म्हातारं माणूस हाय. म्हणून मालकापुढं तोंड उघडलं न्हाई.
शर्टाचं मी विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, मुखेडला माय धुती. रात्री तिथं मुक्कामाची गाडी असती माझी.
मला लाज वाटली. ऊन नव्हतं बाधलं.

१५ एप्रिल, शुक्रवार. आज सुट्टी, सिंधुही घरी.
सिंधुला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ड्रमला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. शेषेरावांना दुसरं पत्र लिहिलं, त्याच चांगल्या अक्षरात, यावेळी नाव घालून. माझं.
पत्र दाखवायला वर गेलो. खोली रिकामी. पंढरी सकाळीच ट्रंक घेऊन डेपोत राहायला गेला. जाताना सिंधुकडं मुखेडच्या पाण्याचा एक कॅन देऊन गेला. आजीच्या कूलरला घाला म्हणाला.
दुपारी सिंधुसमोर कॅन कूलरमध्ये ओतला. तोंड आईच्या खाटेकडं केलं. पंप सुरू केला.
आईनं पुठ्ठा खाली ठेवला. डोळे मिटून जरा वेळ वारा घेतला. मग माझा हात धरून म्हणाली, झाला व्हय रं दुरुस्त? रोज भर उन्हाचं त्याला बाहेर नेऊन खटपट करून राहिलास लेकरा, माझ्यापायी.