पप्पांच्या पाटीला भोक

वसई,
रविवार, चर्चमधला मिस्सा आटोपून

प्रिय ॲन्सेल्मदादास धाकट्या स्टॅनीचा जय येशू.

इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे आईचे गुडघे, माझी पाठ आणि फेलिशियाचं नवऱ्याविषयीचं मत सोडून. तुझी प्रकृती जर्मनीच्या थंडीत ठणठणीत असेल असं धरून चालतो, कारण या पत्रात तुला बोल लावायचे आहेत आणि आजारी माणसाला बोल लावणं बरं दिसत नाही.

पप्पांच्या कबरीवर बसवायची तांब्याची पाटी मी कामणला आमच्या कंपनीतल्या नव्या लेझरवर कोरायला घेतली, हे तुला ठाऊक आहे. (मालकांनी परवानगी दिली, पण चेहरा असा केला, जणू मयत त्यांच्याच घरी झालंय.) किरणाचा एकेक जोरकस ठोका बसायचा आणि तांबं निघायचं चिमूटभर. तू तिथल्या प्रयोगशाळेतून व्हिडिओवर सांगितलंस, एकच मोठा ठोका नको, तीच ताकद वाटून बारीक ठोके पाठोपाठ मार, जास्त माल निघतो. मी दोन लावले. पहिल्याने उडवलेलं तांबं दुसरा परत जागेवर बसवू लागला (लहानपणी मी अंगण झाडायचो आणि मागून तू चिखलाचे पाय घेऊन यायचास, तसं). तू म्हणालास, तांब्याला दोन मानवत नाहीत, तीन लाव. लावले. दादा, तुझं शास्त्र खरं निघालं. इतकं खरं, की आता त्याच रेघेवरून फिरवायच्या फेऱ्या कमी करायला हव्यात हे माझ्या टाळक्यात शिरेपर्यंत किरण पाटीच्या आरपार गेला.

आता भोक कुठे पडलं ते ऐक. पप्पांच्या नावाखाली आईने स्वतःच्या नावासाठी जागा राखायला लावली होती. (मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, पुढे तुमची धावपळ नको.) चाचणी तिथेच घेतली. नाहीतरी तिथे कोरायचंच आहे, असं मनात आलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. आईने चष्मा लावून भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जागा मोकळी ठेव म्हटलं होतं बाबा, एवढी मोकळी नव्हे." फेलिशिया हसली, आईही हसली. पप्पा गेल्यापासून घरात पहिल्यांदा कुणी हसलं, पण मला काही हसू आलं नाही.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, फादर कबरींवर आशीर्वादाचं पाणी शिंपडत येतील, तेव्हा गावभर होईल, पोरगा लेझरवाला आणि बापाचं नाव कबरीवर खडूने. सगळं तुझ्या सल्ल्यामुळे.

तुझा,
स्टॅनी

ता. क. फेऱ्या किती ठेवायच्या ते कळवू नकोस. माझं मी शोधलं. नवी पाटी कालच झाली, सुरेख झाली आहे; खडूचं तुला टोचावं म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरा. भोकाची पाटी आई टाकू देत नाही. खिडकीत ठेवली आहे आणि संध्याकाळी त्यातून रस्ता बघत बसते. कुणाची वाट बघतेस विचारलं, तर म्हणते कुणाची नाही. पप्पांना माती देताना तू व्हिडिओवर होतास, त्याबद्दल मी काही बोललो नाही, आताही बोलत नाही. नाताळला ये. नव्या पाटीवरही तिने जागा राखली आहे. ती अजून कोरी आहे, तोवर ये.