वाश्यांवर न चढलेले तोरण

या हातांनी मी केलेल्या वस्तू आधी लिहितो, म्हणजे वाटणी कशाची चालली आहे ते उघड होईल. राहते घर, त्यातली चूल सोडून. चूल गवंड्याची आहे आणि ती धुरावते. घरामागचे सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची लाकडी खोली. विहिरीचा रहाट. ओकच्या दोन खांबांचे फाटक. माझी दिवंगत पत्नी मारेत हिची शवपेटी. गावातल्या बहुतेक छपरांचे वासे. आणि तलावाकडच्या तुकड्यावरचा ओंडक्यांचा सांगाडा, ज्याला भिंती आहेत, छप्पर नाही.

लिहिणारा मी, मेलिस किविस्तिक, वय सत्तावन्न, राहणार कासेमेत्सा, जिल्हा व्योरु. सुतारकाम कोणत्याही शाळेत शिकलेलो नाही. सोमवारी तार्तूच्या इस्पितळात माझी छाती उघडणार आहेत. डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही, हे अक्षरावरून दिसेलच. कोणी भरीस घातले म्हणून लिहीत नाही. घरी लिहिलेले मृत्युपत्र आपल्या कायद्याने सहा महिनेच टिकते. त्यानंतरही मी जिवंत असलो तर हा कागद चुलीत घालावा. तेवढा तरी तिला नीट जाळता येतो का बघू.

हे न लिहिता मी गेलो, तर सगळे दोन्ही मुलांत निम्मे-निम्मे होईल आणि तलावाकडचा तुकडा विकला जाईल. तो विकला जाऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप.

एक. राहते घर, सौना, व्हॅन आणि बँकेत जे असेल ते माझा मुलगा आंद्रेस याला. तो हेलसिंकीत दुसऱ्यांची घरे बांधतो. मोठा वाटा त्याचाच आहे, त्याने शांतपणे बघावे. परवा फोनवर म्हणाला, "बाबा, तलावाकडचा तुकडा फुंकून टाका. भाव आहे तोवर. ते ओंडके काय चाटायचेत?" मी म्हटले, आधी घरी ये, मग बोलू. तर म्हणे सुट्टी नाही. हे वाचून त्याने साक्षीदारांवर ओरडू नये. बोलायचे ते कबरीवर येऊन बोलावे, मी उलटून बोलणार नाही.

दोन. हत्यारे सगळी वाम्बोला इल्वेस याला, जन्मभर माझ्या ओंडक्याचे दुसरे टोक त्याने धरले. कुऱ्हाडी त्याने उसन्या देऊ नयेत. रंधा तर नाहीच नाही.

तीन. उर्मो तेदरे, जो कारखान्यात आख्खी घरे खोक्यांसारखी जोडून ट्रकवरून पाठवतो, त्याला माझी जुनी पाणसळ. माझ्या सांगाड्याच्या कोपऱ्यांचे फोटो काढून त्याने स्वतःच्या जाहिरातीत छापले, खाली लिहिले 'हाताची कारागिरी'. त्याच्या कचेरीची पायरी उजवीकडे कलते. पाणसळ ठेवून बघावी.

चार. तलावाकडचा तुकडा, अखंड, माझी मुलगी पिरेत हिला.

इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल. तो सांगाडा मी तिच्यासाठीच उभा केला. आपल्यात वासे चढले की मालक कामगारांना जेवू घालतो आणि कामगार वर हिरवे तोरण बांधतात. मालक कंजूस निघाला तर तोरणाऐवजी जुना झाडू. वासे यायच्या आदल्या दिवशीच मी बर्चच्या डहाळ्यांचे तोरण वळून ठेवले. असे कोणी करत नाही. सकाळी लाकूडवाला गाडी घेऊन आला आणि फाटकातच नवा भाव सांगितला, ठरल्याच्या दुप्पट. मी गाडी परत पाठवली. भाव उतरेल, थांबू. मग पत्र्याचा भाव चढला, मग खिडक्यांचा, मग मजुरीचा. उतरले काहीच नाही. तोरण शेडमध्ये खिळ्याला वाळले. पिरेत व्योरूत भाड्याच्या एका खोलीत, दोन पोरे, नवरा, आणि दर वर्षी वाढते भाडे.

ती तेदरेच्याच कारखान्यात भिंती जोडते. यंदा जानिपाएवला, म्हणजे जूनमधल्या शेकोट्यांच्या सणाला, सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, मी घर सांगितलंय कारखान्यात. दोन ट्रकांतून येईल, दिवसभरात बसेल. फक्त जागा द्या."

"खोक्यात तर चपलाही राहतात," मी म्हणालो.

"चपलांना छप्पर तरी असतं, बाबा."

वाम्बोला हसला. मी शेकोटीवरून उठून आलो. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेलो नाही.

तर, तुकडा तिचा, आणि त्यावर ती वाटेल ते घर ठेवील. सपाट जागा तेवढी एकच आहे, म्हणून सांगाडा उतरवावा. वाम्बोलाने उतरवावा. प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला मी कुऱ्हाडीने खूण केली आहे, त्या क्रमाने रचून ठेवावेत; उतारावर तिच्या घराचे सौना त्यातून होईल. यांत्रिक करवत कोणी लावू नये. ट्रक माझ्या फाटकातून जाणार नाही, मी मापून पाहिले आहे. फाटक खांबांसह काढावे. बर्फ वितळताना खोकी आणू नयेत, रस्ता गिळून टाकील. माझा दगडी पाया त्यांना अपुरा आहे. नव्या पायाच्या खुंट्या मी ठोकून ठेवल्या आहेत, कोणी उपटू नयेत.

पाच. तोरण नवे वळावे. वाळलेले जाळावे.

इथे वाम्बोला खांद्यावरून वाचतो आहे. "मेलिस, त्या घराला छप्पर कारखान्यातूनच लागून येतं. वासेच दिसत नाहीत. तोरण बांधणार कशाला, तुझ्या नाकाला?"

"क्रेनच्या आकड्याला. शेवटचं खोकं खाली टेकताना."

"आणि क्रेनवाला बांधू देईल?"

"जेवायला घाल, देईल."

दुसऱ्या साक्षीदार, शेजारच्या हेल्युबाई, म्हणतात, "काय घालायचं तेही लिही बाबा. नाहीतर हा नुसती दारू पाजेल. आणि कॉफी निवतेय तुझी."

धुरावलेले डुकराचे मांस, बटाटे, काळी भाकरी, आंबवलेली कोबी. क्रेनवाल्याला दारू काम झाल्यावर. खर्च माझ्या पैशांतून, आंद्रेसच्या वाट्याआधी. जेवण दिले नाही तर आकड्याला झाडू टांगावा. तो शेडच्या दारामागे आहे.

वरील सर्व माझ्या हातचे, खाडाखोड नाही. साक्षीदाराला यातले काही मिळणे कायद्याने चालत नाही असे हेल्युबाईंनी आत्ताच सांगितले, म्हणून कलम दोन रद्द. हत्यारे पिरेतला, कोणाच्या हाती द्यायची ते तिला कळते.

सही: मेलिस किविस्तिक
साक्षीदार: हेल्यु सार्मा, निवृत्त टपालवाली, शेजारीण
साक्षीदार: वाम्बोला इल्वेस, सुतार
कासेमेत्सा, १२ ऑक्टोबर २०२३

ता. क. आंद्रेस विचारेलच, म्हणून त्याच साक्षीदारांसमोर लिहून ठेवतो. तेदरेला तलावाकाठी पाहुण्यांसाठी खोक्यांची रांग लावायची आहे. गेल्या मंगळवारी त्याने पिरेतच्याच हाती तुकड्याच्या खरेदीचा कागद पाठवला. तिने तो टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून वर मिठाची बरणी ठेवली. म्हणाली, "मालकानं पोचवायला सांगितलं, पोचवला. सही करू नका." कोटही न काढता गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मालकासमोर तिला उभे राहायचे होते. मी कागदावर 'नाही' लिहून परत पाठवला. आकडा होता दोन लाख दहा हजार युरो.

सही: मेलिस किविस्तिक