चाकं आहेत की!

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार (पाठीला पट्टा आहे, तेव्हा तूर्त मनातूनच). तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. वहिनीच्या रक्तदाबाची करत नाही, कारण हे पत्र वाचून तो वाढणारच आहे.

मी विमान पाडलं, ही तुझ्या कानावर आलेली बातमी साफ खोटी. विमान उतरलं. फक्त चाकांवर न उतरता पोटावर उतरलं. शेजारी बसलेली ही ठणठणीत आहे. मला थोडा मुका मार लागला, बाकी अब्रूला.

आपलं जुनं दोन सीटचं विमान आठवतं ना? दार सुतळीनं बांधलेलं, नकाशा तुझ्या मांडीवर. एकदा तो वाऱ्यानं उडाला, तर तू रेल्वेचे रूळ धरून आपल्याला घरी आणलंस (आणि रुळांना फाटा फुटला तिथे वरच्या वर नाणं उडवलंस). त्या विमानाची चाकं जन्मापासून खाली, मिटायची सोयच नव्हती. तरी उतरताना तू दर वेळी गंभीर चेहरा करून विचारायचास, "चाकं?" मी ओरडायचो, "आहेत की!" मग दोघं असे हसायचो, की विमान धावपट्टीवर बेडकासारखं उड्या मारत जायचं आणि मेकॅनिककाका कपाळाला हात लावायचे. काय दिवस होते रे ते! तेव्हा आपल्याला काही म्हणता काही होत नसे.

परवा क्लबच्या नव्या विमानातून हिला फिरवायला नेलं. याची चाकं उडाल्यावर पोटात जातात, उतरताना दांडा ओढून बाहेर काढावी लागतात. हे मला पाठ होतं. पण धावपट्टी समोर आली, ऊन तिरपं पडलं होतं, तुझी फार आठवण आली, आणि मीच मोठ्यानं विचारलं, "चाकं?" आणि मीच सांगितलं, "आहेत की!" झालं! दांडा राहिला तो राहिलाच. भोंगा कोकलायला लागला. ही म्हणाली, "अहो, काहीतरी वाजतंय." मी म्हटलं, "शेजारी बसणाऱ्यांना बडबडायची सवयच असते, तशी नव्या विमानांनाही." (हे तिला लागलं, ते वेगळंच.) पुढे नुसतं खर्रर्र. पंखा वाकला, धूळ बसली, आणि ही शांतपणे म्हणाली, "बरं झालं, उतरायला शिडी लागली नाही."

तपासणी अधिकाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे प्रश्न तुमचा आणि उत्तरही तुमचंच?" मी मान डोलावली. परवाना त्यांच्या खिशात गेला. दादा, खोटं कशाला सांगू, घरी येऊन रडलो. नुसतं जमिनीवरचं म्हातारपण मला झेपायचं नाही.

तुझा,
सध्या पायी हिंडणारा
धाकटा

ता. क. परवाना परत मिळवायचा तर पुन्हा परीक्षा आहे, आणि त्याआधी एखाद्या जाणत्या वैमानिकाला शेजारी घेऊन सराव. जाणता मला एकच माहीत आहे. तुझा परवाना अजून चालू आहे ना?

आणखी ता. क. वरचं वाचून ही म्हणते, भावाला तरी खरं लिहा. खरं असं, की विमान दुरुस्त व्हायला वर्ष लागेल आणि क्लबात दुसरं नाही. सराव कसला करणार, कपाळ! तरी तू ये. या आठवड्यातच ये.