तेराशे किलोमीटर, सगळे पायी

३ जानेवारी, पहाटे ५
आजपासून धावणे. देशाच्या त्या टोकापासून आमच्या गावच्या हॉस्पिटलपर्यंत. मी, मास्तर आणि शिंपी. देणग्यांतून हॉस्पिटलमागे पेशंटच्या नातेवाइकांसाठी खोल्या बांधणार, म्हणजे माणसाला आपल्या माणसाजवळ राहता येईल. कल्पना माझी! आमचा जाड्या तिथेच चौथ्या मजल्यावर ॲडमिट आहे. मित्रासाठी याहून जास्त कोण काय करतो?
नियमही माझाच: एक पाऊलही गाडीतून नाही. देणगीदारांशी बेइमानी नको.

७ जानेवारी
दोघं पुढे. मी मुद्दाम मागे. लीडरचं सगळ्यांवर लक्ष हवं. दुपारी अकरा किलोमीटर सामानाच्या टेम्पोतून. ते रस्त्याचं निरीक्षण. टाचेला फोड आलाय, पण त्याचा इथे संबंध नाही.

१२ जानेवारी
जाड्याच्या बायकोचा फोन. तो म्हणतोय, एकदा येऊन नुसता बसून जा. म्हटलं, वहिनी, अहो त्याच्यासाठीच तर धावतोय! त्या म्हणाल्या, हो भाऊजी. आवाज कसातरीच आला. रेंज नसणार.

१९ जानेवारी
मास्तर म्हणाला, बस पकड, भेटून ये, आम्ही थांबतो. छे! नियम म्हणजे नियम. शिंपी म्हणाला, आणि टेम्पोचं काय? शिंप्याला तत्त्वाच्या गोष्टी कळत नाहीत. दिवसभर त्याच्याशी बोललो नाही.

२३ जानेवारी
वहिनींनी जाड्याचा फोटो पाठवला. नेटवर्क नसल्यामुळे उघडला नाही.
नेटवर्क होतं.

२४ जानेवारी, दुपार
लिहूनच टाकतो, वाचणार कोण आहे. डिसेंबरात एकदा गेलो होतो. कॉटवर कुणी वाळका म्हातारा. सॉरी म्हणून मी दुसरी खोली शोधायला वळलो. मागून तो म्हणाला, अरे गाढवा, मीच. हसत होता. मी पाच मिनिटं टेकलो, मग बाइक चुकीच्या जागी लावलीय म्हणून सटकलो. बाइक नेलीच नव्हती. खाली फाटकाशी हमसून हमसून रडलो.
त्याच आठवड्यात मला ही धावण्याची कल्पना सुचली. योगायोग.

३० जानेवारी
आज चाळीस किलोमीटर! फोड फुटला, तरी टेम्पोकडे बघितलंसुद्धा नाही. या वेगाने तीन दिवस आधी पोचतो. थेट त्याच्या खोलीत धडकून जाड्याला चाटच पाडणार. यावेळी चांगला तासभर बसेन. दोन तास.

२ फेब्रुवारी
जाड्या गेला. सकाळी सव्वानऊला. मी तेव्हा रस्त्याकडेला बसून केळं खात होतो.
मास्तरने न विचारता बसची तिकिटं काढली. मी चढलो.

५ फेब्रुवारी
वहिनींकडे गेलो. जाड्या रोज विचारायचा म्हणे, कुठवर आला गाढव? त्या रोज पन्नास-साठ किलोमीटर वाढवून सांगायच्या. शेवटच्या सकाळी त्याला धाप लागली, तेव्हा म्हणाल्या, आलेत, जिना चढतायत.
तो म्हणाला, दमला असेल गं. आधी पाणी दे त्याला.
एवढं सांगून वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला. मला तो घेववेना.